पन्नासपैकी एकतीस

ता. ४ जून १९७४

माझा मुलगा नृसिंह आल्यागेल्याला जी हकीकत सांगत आहे ती खोटी आहे. तिची दुरुस्ती कोठे तरी लेखी असावी, म्हणून आज ही वही सुरू करीत आहे. तो म्हणतो, "तात्या राजारामपुरीत सायकलला धडकून पडले." मी सायकलला धडकलो नाही, सायकल माझ्या वाटेत होती. ती चालत नव्हती, उभी होती, हे मला मान्य आहे. परंतु दवाखान्यासमोर, माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ती उभी करण्याचा अधिकार तिच्या मालकास कोणी दिला? शिवाय सायकल काळी आणि भिंतीची सावलीही काळी. मी पडलो, हेही असत्य आहे. मी गुडघ्यावर टेकलो. पडणे आणि टेकणे ही दोन निराळी क्रियापदे आहेत. नृसिंहासारख्या वीजमंडळातल्या अभियंत्याला ती निराळी ठेवता येत नसतील, तर त्याने गप्प बसावे.

या खोट्या हकीकतीचा शेवट तो नेहमी एकाच वाक्याने करतो : "डोळे दाखवून या, तात्या." मला दिसते. कमी दिसते ते हल्लीच्या छपाईमुळे आणि हल्लीच्या दिव्यांमुळे.

नृसिंह काल सोलापूरला कामावर परत गेला. घरात मी आणि सूनबाई कालिंदी.

दुसरी गोष्ट आनंदाची. कृष्णात राजारामपुरीत शिकवणीचा वर्ग काढीत आहे आणि मॅट्रिकच्या मुलांचे इंग्रजी मी घ्यावे, असे म्हणतो. हा माझाच विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा नापास झालेला माणूस इंग्रजीचा वर्ग काढतो, हा काळाचा महिमा. तरी मी होकार दिला. निवृत्त झाल्यापासून मी कोणाचे एक वाक्य दुरुस्त केले आहे तर ते घरातल्यांचे, आणि त्यांना ते आवडत नाही.

माझी जुनी पद्धत मात्र मी सोडणार नाही. वर्गावर जो काळ शिकवायचा त्या काळाची परीक्षा आधी मी स्वतः द्यावयाची. पन्नास प्रश्न, दार बंद, पेपर दुसऱ्याने काढलेला. अठ्ठेचाळीसच्या खाली गुण पडले तर वर्गावर पाऊल ठेवावयाचे नाही, फेरपरीक्षा द्यावयाची. नोकरीच्या सर्व वर्षांत दर जूनला मी हे केले. स्टाफरूममध्ये हसत असत. हसणाऱ्यांचे निकाल आणि माझे निकाल दप्तरात आहेत.

पहिला काळ : प्रेझेंट परफेक्ट. याच काळात आपली मुले बुडतात.

ता. ७ जून

पन्नासपैकी एकतीस.

मी हा आकडा लिहिला आहे, म्हणून तो मला मान्य आहे असे कोणी समजू नये. पेपर कृष्णातच्या वर्गासाठी काढलेला, सायक्लोस्टाइल केलेला. तपासला कालिंदीने. ती बाहेरून बी. ए. झाली आहे आणि तिचे व्याकरण मी स्वतः घटवून घेतले आहे, तेव्हा तपासण्यात चूक नसावी. चूक कागदात आहे. शाई इतकी फिकट की प्रश्न आहे की डाग, हेच कळत नाही. ज्या प्रश्नात "काल" होते तेथे मला "आताच" छापलेले दिसले. असे छापणाऱ्यास काय शिक्षा असावी?

कालिंदी म्हणाली, "मामंजी, मला तर नीट दिसतंय."

मी म्हणालो, "तुला अंदाजाने वाचायची सवय आहे."

दुपारी मी जेवलो नाही.

ता. ८ जून

सायक्लोस्टाइलचा कागद घेऊन कृष्णातकडे गेलो. त्याचे बोलणे जसे होते तसे लिहितो. ते दुरुस्तीच्या पलीकडचे आहे.

"सर, मशीन नवं कोरं हाय. परवाच आणलंय."

"मग अक्षरे फिकट का?"

"कुठं फिकट हाईत? काळीभोर हाईत की!"

"तू इंग्रजीत दोनदा नापास झालास, कृष्णात."

"व्हय सर, तुमीच केलं की!" आणि हा गृहस्थ हसला. वर चहा मागवला.

मी विचारले, दहा तारखेला वर्ग सुरू होणार ना? त्याआधी मला फेरपरीक्षा द्यावयाची आहे. तर म्हणतो, "कशाचं दहाला! बाकडीच आली न्हाईत. सुतार जोतिबाला नवस फेडाय गेलाय, कवा येतोय कुणाला ठावं. एक जुलै धरा, सर. तुमी निवांत घ्या."

माझ्या परीक्षेचा निकाल याला कोणी सांगितला होता काय? तसे वाटले नाही. परंतु निवांत घ्या, असे तो का म्हणाला?

कालिंदी तेथेच भेटली. मंडईत जाता जाता सहज डोकावले, म्हणाली. आमच्या घरून मंडईत जाताना राजारामपुरी लागत नाही. मी तिला भूगोल समजावून सांगितला. दोघांनीही मान डोलावली.

ता. ११ जून

घरात कशाला काही वेळ उरलेली नाही. कालिंदी सकाळी भाजीला म्हणून जाते ती उन्हे चढल्यावर येते, आणि मूठभर मेथी घेऊन येते. आज आली तेव्हा पदराला पीठ लागलेले होते. भाजी आणायला गेलेल्या बाईच्या पदराला पीठ कसे? विचारले तर म्हणाली, "गिरणीत गेले होते." पिठाचा डबा कोठे, विचारले तर म्हणाली, "अजून दळलं नाही." न दळलेल्या दळणाचे पीठ! या घरात वाक्यास वाक्य जुळत नाही.

नंतर भाकरी थापता थापता विचारते, "मामंजी, एखाद्या मुलाला 'जेवलो' आणि 'जेवलो आहे' यातला फरक कळतच नसेल, तर कसा सांगायचा?"

"कोणत्या मुलाला?"

"असाच. समजा."

"जो जेवलो आहे म्हणतो, त्याला पुन्हा वाढू नये, असे सांग."

ती खळखळून हसली. मी विनोद केला नव्हता. व्याख्या सांगितली होती. तरीही बऱ्याच दिवसांनी मला कोणी व्याकरणाचे काही विचारले, हे नमूद करतो. अर्थात प्रश्न अपुरा होता. भविष्यकाळाबद्दल तिने विचारलेच नाही.

ता. २० जून

फेरपरीक्षा दिली. पन्नासपैकी एकोणपन्नास. छपाईचा दोष मान्य करूनही बुद्धी शाबूत असल्याचा हा लेखी पुरावा आहे. नृसिंहास पत्र लिहून कळवणार आहे. कालिंदीने गुण सांगितले तेव्हा तिचा आवाज जरा निराळा होता. सासऱ्याच्या यशाने गहिवरली असावी.

ता. २२ जून

एकोणपन्नास खोटे आहेत.

एक गुण कोठे गेला ते पाहावे, म्हणून आज दुपारी उत्तरपत्रिका मागून घेतली आणि गॅलरीत, उन्हात, भिंग घेऊन बसलो. उत्तरे प्रश्नपत्रिकेवरच लिहावयाची होती आणि ती दोन्ही बाजूंनी छापलेली होती. मागील बाजूस माझे एकही उत्तर नाही. ती बाजू मी कोरी समजलो होतो! आणि त्या बाजूच्या प्रश्नांचेही गुण मला मिळाले आहेत.

कालिंदीला हाक मारली. माझा आवाज शेजारपाजारच्यांनी ऐकला असेल तर ऐकू दे.

"ज्या पानावर माझे अक्षर नाही, त्या पानाचे गुण?"

"मामंजी, ती उत्तरं तुम्हाला येतात. मला माहीत आहे."

"मला काय येते ते तुला माहीत असून काय उपयोग? कागदाला माहीत आहे काय? आणि मागे पाहा, असे खाली लिहावयाचे असते!"

"लिहिलंय, मामंजी. खाली उजवीकडे."

भिंग लावून पाहिले. लिहिलेले होते. मुंगीएवढे.

"हे गुण म्हणजे सत्यनारायणाचा शिरा आहे काय, आला त्याच्या हातावर ठेवायला?"

तेव्हा ती, जी आजवर माझ्यापुढे मान वर करून बोलली नाही, ती म्हणाली, "मग काय करू मी? नापास केलं की जेवत नाही तुम्ही. पास केलं की असं. तुम्हीच सांगा एकदा, कितीला पास करू?"

"कितीला! मी काय वांगे आहे?"

ती आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी दयेचे गुण दिले नाहीत आणि मीही कोणाला दिले नाहीत. कृष्णातला पस्तीसला दोन कमी होते, तेव्हा त्याचा बाप माझ्या दारात येऊन उभा राहिला होता. मी दिले नाहीत. आज मला माझ्याच घरात अख्खे पान फुकट मिळाले.

ता. २१ जून

मागील नोंदीवर २२ तारीख पडली आहे; भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आज स्वच्छ २१ दिसते. छापणाऱ्याचा दोष किंवा पाने उलटणारीचा. असो. वर्गास अजून दहा दिवस आहेत.

संध्याकाळी वीज गेली. मी ओसरीवर बसलो होतो. गेले काही दिवस कालिंदी माझ्याशी कामापुरते बोलत होती. आज ती कंदील आणि कागद घेऊन समोर येऊन बसली.

"हा तिसरा पेपर आहे. तुम्ही बघितलेला नाही. मी वाचते, तुम्ही सांगा."

"तोंडी परीक्षा माझ्या पद्धतीत बसत नाही."

"नसू दे. एकदा माझ्या पद्धतीनं द्या."

तिने वाचण्यास सुरुवात केली. तिचा उच्चार चांगला आहे; तो माझ्याकडूनच आलेला आहे. मी डोळे मिटले. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. कोठे क्रिया संपली, कोठे तिचा परिणाम अद्याप उरला आहे, कोठे कालवाचक शब्दाने फास टाकला आहे, हे मला असे लख्ख दिसत होते, की बोलण्याआधी उत्तर तयार असे. चाळिसाव्या प्रश्नानंतर तिने वाचण्याचा वेग वाढवला, मीही वाढवला. शेवटी आम्ही दोघे जणू भांडल्यासारखे बोलत होतो. शेजारच्या अक्का कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "काय गं कालिंदी, सासऱ्यावर इंग्रजीत ओरडतेस होय?"

पन्नासपैकी पन्नास.

मी उठून उभा राहिलो. मला काही तरी मोठे बोलावयाचे होते. पण कालिंदीने कागद घडी करून मांडीवर ठेवला आणि अगदी हळू विचारले, "मग आधी काय चुकलं होतं, मामंजी?"

तो प्रश्न पन्नासांत नव्हता.

ता. २ जुलै

आज २ जुलै आहे, असे नृसिंह म्हणतो. तो सकाळी सोलापूरहून न कळवता आला. मी त्याला म्हणालो, अजून जूनच चालू आहे. त्याने भिंतीवरून दिनदर्शिका काढली, माझ्या हातात दिली आणि बाजूला उभा राहिला.

म्हणजे एक जुलै येऊन गेला. माझा पहिला तास येऊन गेला, आणि मी ओसरीवर बसून तो आठवडाभर लांब आहे असे समजत होतो. कृष्णातने बोलावणेसुद्धा पाठविले नाही. याचा मला अत्यंत संताप आला आहे. ज्या शिक्षकाची पहिल्याच दिवशी कोणाला आठवण होत नाही, तो शिक्षक कसला?

सदोष यंत्र, सदोष छपाई, सदोष परीक्षक : ही तिन्ही कारणे मी तपासली. कंदिलापुढची परीक्षा झाल्यावर त्यांतले एकही टिकत नाही; उरतात ते डोळे. माझ्या स्वतःच्या परीक्षेनेच मला कोपऱ्यात गाठले आहे. दुसऱ्या कोणी गाठले असते तर मी वाद घातला असता.

उद्या नृसिंह आणि मी मिरजेस जात आहोत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, असे येथील डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते. मी त्यांची मराठी अशुद्ध म्हणून परत गेलो नव्हतो. नृसिंहाने "मी सांगत होतोच" असे म्हटले असते तर मी उद्या स्टँडवरून मागे फिरलो असतो. तो म्हणाला नाही. तो म्हणाला नाही याचा मला आलेला राग निराळा.

ता. २८ जुलै

(हे कालिंदीच्या हातचे आहे. मी सांगतो, ती लिहिते. डोळ्यांवर पट्टी आहे.)

मिरजेत मला उताणे निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. खोकायचे नाही, रागवायचे नाही. पहिले जमले. स्वल्पविराम पहिलेनंतर नको, कालिंदी, पूर्णविराम जमलेनंतर. दाखव. मला दिसत नाही हे ठाऊक आहे, तरी दाखव.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न मी वर्गाचा विचारला. कालिंदी म्हणते, एक तारखेला सुरू झाला. तुम्ही येईपर्यंत दुसरे कोणी तरी घेत आहे. हे दुसरे कोणी तरी कोण, ते सांगत नाही. कृष्णात भेटायला आला, त्यालाही विचारले. तो म्हणाला, "हाय एक. बरं शिकिवतंय. पोरं बी नीट बसत्यात." नपुंसकलिंगी शिक्षक!

त्या माणसाचे इंग्रजी कच्चे असणार. लिही : कच्चे. उच्चार गावठी असणार. लिही. मुलांना नियम पाठ करायला लावत असेल आणि नियमामागचे कारण त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. लिहिलेस? वाचून दाखव.

वाचून दाखवले. अक्षर न् अक्षर बरोबर आहे. मग आवाज असा का येतो तुझा? पडसे झाले असेल तर सुंठ घे. हे लिहू नकोस.

(लिहिले. — का.)

ता. १९ ऑगस्ट

चष्मा आला. बाटलीच्या बुडाएवढी काच आहे आणि प्रत्येक पायरी जागची उठून जवळ येते. पण दिसते. भिंतीचा रंग हिरवा नाही, निळा आहे. कालिंदीच्या केसांत पुष्कळ पांढरे आहेत. ते कधीपासून, हे मला कोणी सांगितले नाही.

ती भाजीला म्हणून गेल्यावर मीही निघालो. हातात काठी. राजारामपुरीत दुकानांच्या पाट्या वाचीत गेलो. पहिल्या गल्लीतच अशुद्ध शब्द सापडले. मन प्रसन्न झाले. त्या दुसऱ्या कोणाला तरी सन्मानाने दूर करावे आणि आजच तास घ्यावा, अशा विचाराने वर्गाच्या खिडकीशी पोहोचलो.

आतून बाईचा आवाज येत होता; उजळणी चालली होती.

"'कुणीतरी दार उघडलं' म्हटलं की गोष्ट संपली. 'कुणीतरी दार उघडलं आहे' म्हटलं की वारा अजून आत येतोय. ज्या वाक्यात वारा आत येतोय, तिथं प्रेझेंट परफेक्ट. कळलं का, सयाजी? मग आता तू सांग बघू, तुझ्या घरी काय झालं आहे?"

"बाई, म्हस व्यायलीया!"

सगळा वर्ग हसला. तीही हसली. "मग अजून दूध आहे ना घरात? तर ते झालं प्रेझेंट परफेक्ट. लिही इंग्रजीत."

मी खिडकीशी उभा राहिलो. फळ्यावरचे अक्षर वाचले. कालिंदीचे अक्षर, आणि तिच्या पदराला तेच पीठ, खडूचे. दाराचे उदाहरण माझे नाही, पुस्तकातलेही नाही. मी त्यात चूक शोधली. पुष्कळ वेळ लागला. सापडली नाही.

तास संपल्यावर कृष्णातला बाहेरच्या खोलीत धरले. "बाकडी कोठून आली?"

"सर, रागावू नगासा..."

"मी रागावलेलो आहे. बाकडी."

"कवाचीच आल्यात, सर. बाई म्हणाल्या, सरांचं होईपर्यंत मी धरून ठेवते, पर त्यांच्या कानावर नगं. पोरं बाईंवर खूश हाईत. पण तुमी म्हणाल ते. तुमी उद्या या म्हणला, तर उद्या."

"तू कोणाला भितोस, मला की तिला?"

"खरं सांगू? आता दोघास्नी बी."

कालिंदी माझ्या मागोमाग घरी आली. ओसरीवर आल्यावर बोललो, आणि मोठ्याने बोललो. माझ्या नावाचा वर्ग, माझ्या घरातून, माझ्या पाठीमागे. वहीत माझ्याच तोंडून स्वतःस "कच्चे" लिहून घेतले. अशी फसवणूक माझी आजवर कोणी केली नाही.

तिने भाजीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्यापासून तुम्ही घ्या, मामंजी. मी नुसती जागा धरली होती."

"जागा रुमाल टाकून धरतात. तू शिकवलेस. कोणाच्या परवानगीने? परीक्षा दिली होतीस?"

"दिली होती."

"गुण?"

"सत्तेचाळीस."

"नापास!"

"हो. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. एकोणपन्नास."

"तपासले कोणी?"

"मीच." आणि वर, "स्वतःला एकही गुण फुकट दिला नाही. ते फक्त तुम्हाला दिले."

मी आत गेलो. जेवलो. न जेवण्यास आज कारण पुरेसे होते, तरीही जेवलो. भाकरी गरम होती आणि कालिंदी वाढायला उभी होती.

ता. २० ऑगस्ट

ही वही आज प्रथमच डोळ्यांनी वाचली. जी वही दुसऱ्याच्या खोट्या हकीकतीची दुरुस्ती म्हणून सुरू केली, तिच्यात इतक्या चुका असाव्यात, हे लाजिरवाणे आहे. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. विधाने मी बदलणार नाही. रागाच्या भरात लिहिलेले असले तरी ते त्या दिवशी तसेच वाटले होते. तारखा मात्र दुरुस्त केल्या पाहिजेत. कालिंदीस समोर बसवून एकेक विचारून घेतल्या.

"११ जून" ही नोंद १९ जूनची आहे. दिनदर्शिकेतला नऊ मला एक दिसला.

"२१ जून" ही २९ जूनची. तीच चूक. त्या दिवशी छापणाऱ्यावर आणि पाने उलटणारीवर ठेवलेला दोष दोघांवरूनही काढून घेतला आहे.

बाकडी आली : १२ जून. सुतार नवसाला गेलेला नव्हता.

कालिंदीची परीक्षा, पहिली : १५ जून, स्वयंपाकघर, दार लावून. नापास.

कालिंदीची परीक्षा, दुसरी : १६ जून, तेथेच. उत्तीर्ण.

वर्ग सुरू झाल्याची तारीख : १ जुलै नव्हे, १७ जून.

वर्गावर प्रेझेंट परफेक्ट पूर्ण झाला : ५ जुलै. त्या वेळी मी वाळूच्या दोन पिशव्यांमध्ये होतो.

माझा पहिला तास : या वहीत १ जुलै असा धरला आहे. तो काटला आहे. त्या जागी दुसरी तारीख घालावयाची नाही. वर्गाचा शिक्षक मध्येच बदलू नये.